पार्श्वभूमी : 'डिझी अप द गर्ल' आणि नवव्या क्रमांकाचं कोडं

सप्टेंबर १९९८मध्ये गू गू डॉल्स या अमेरिकी बँडचा 'डिझी अप द गर्ल' हा अल्बम बाजारात आला, तेव्हा त्यातलं अकरावं गाणं अमेरिकेत लोकांना तोंडपाठ झालेलं होतं. 'आयरिस' आधी एका चित्रपटाच्या साउंडट्रॅकवर आलं आणि काही महिने रेडिओवर अखंड वाजत राहिलं. नवा अल्बम त्याच्या जोरावरच उभा राहिला.

बँड बफेलोचा, १९८६पासूनचा, सुरुवातीला पंक वळणाचा. १९९५च्या अल्बममधलं एक संथ गाणं गाजलं, आणि त्यानंतर मुख्य गायकाला नवं काही सुचेनाच. ही कोंडी चित्रपटाच्या मागणीने फुटली. गिटारची एक तार 'बी' या सुरात आणि बाकीच्या पाचही 'डी' या सुरात लावल्या, त्यामुळे नुसता हात फिरवला तरी सगळं वाद्य घुमतं. 'आयरिस' हा शब्द गाण्यात कुठेच नाही. एका साप्ताहिकात दिसलेलं गायिकेचं नाव आवडलं, तेच शीर्षक झालं.

खरा घोळ आहे तो 'सिंगल', म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं, या शब्दाचा. हे गाणं 'बिलबोर्ड' या अमेरिकी नियतकालिकाच्या रेडिओ यादीत एकूण १८ आठवडे पहिलं होतं, तरी त्याच्या मुख्य यादीतलं ('हॉट १००') गाण्याचं सर्वोच्च स्थान नववं. त्या काळी मुख्य यादीत यायला गाणं दुकानात सुटं विकत मिळणं बंधनकारक होतं. रेडिओवर कितीही वाजलं तरी यादीच्या लेखी ते सिंगल नव्हतंच. कंपन्यांनी मात्र सुटी विक्रीच बंद करायचा सपाटा लावला होता: एक गाणं हवं असेल तर अख्खी सीडी घ्या. १९९६-९७मध्ये नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक' १६ आठवडे रेडिओवर पहिलं राहूनही मुख्य यादीत फिरकलंच नाही, ते याच कारणाने.

५ डिसेंबर १९९८च्या यादीपासून ही अट गेली. 'आयरिस' तेव्हा कुठे आत आलं, थेट नवव्या जागी, पण तोवर त्याचा भर ओसरला होता. म्हणून या गाण्याला 'टॉप टेनमधलं एक' म्हणणं कागदोपत्री बरोबर असलं तरी दिशाभूल करणारं आहे. ऑस्ट्रेलियात ते सुटं विकलं गेलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकी कंपनीने हीच वाट धरली असती तर यादीचा मान मिळाला असता, पण सीड्या कमी खपल्या असत्या. हिशेब उघड होता.

अट उठल्याचा फायदा झाला पुढच्या गाण्यांना. 'स्लाइड' मुख्य यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे आकड्यांत 'आयरिस'च्याही वर! त्यामागून याच अल्बममधलं 'ब्लॅक बलून', मग 'ब्रॉडवे'. एका गाण्यावर उभा राहिलेला अल्बम असा पुढे दीड-दोन वर्षं रेडिओवर टिकला.

२०१२मध्ये, याद्या काढणाऱ्या त्याच 'बिलबोर्ड'ने मागच्या २० वर्षांतल्या १०० पॉप गाण्यांची क्रमवारी लावली. त्यात पहिलं नाव 'आयरिस'चं होतं.