जुनी ली-एनफिल्ड रायफल घेताना करायची पारख

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री म्हणजेच ली-एनफिल्ड. ती सेकंडहँड घेण्याआधी कुठल्या कारखान्याची, कोणत्या सालची, किती मूळची आणि किती नंतर जोडलेली हे तपासायची जी रीत संग्राहकांमध्ये रुळलीय तिच्याबद्दल ही नोंद आहे. हा बाजार मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये चालतो, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या सैन्यांनी लाखोंच्या संख्येनं या रायफली वापरल्या आणि नंतर सरप्लस म्हणून विकून टाकल्या. भारतात .३०३ हा प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. तरीही नोंद मराठीत हवीच, कारण यातल्या बऱ्याच रायफली बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनल्यात आणि त्यांची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीत.

पहिली गोष्ट म्हणजे विकणाऱ्याची कहाणी बाजूला ठेवायची. 'आजोबांनी बर्मात वापरलेली' वगैरे ऐकून घ्या, पण पैसे धातूवर काय कोरलंय त्याचे द्या. फोटो बघून पैसे पाठवणं म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, आणि या रायफलीच्या बाबतीत ते फारच महागात पडतं.

ओळख पटवायची जागा म्हणजे बट सॉकेट, बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मुठीखाली जिथे मागचा लाकडी दस्ता लोखंडात बसतो तो पट्टा. छोट्या ली-एनफिल्डवर, म्हणजे एसएमएलईवर, उजव्या बाजूला मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि मार्क, म्हणजे कितवी आवृत्ती, असं ओळीनं असतं. जी.आर. म्हणजे राजा जॉर्ज, भारतात बनलेल्यावर जी.आर.आय. दिसतं, त्यातला शेवटचा आय सम्राटाचा, आणि स्वातंत्र्यानंतरच्या ईशापूर रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आलेले दिसतात. इंग्लंडमधले कारखाने एनफिल्ड, बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) आणि एलएसए (लंडन स्मॉल आर्म्स), ऑस्ट्रेलियाचा लिथगो १९१३ पासून. मार्क ३ आला १९०७ मध्ये, आणि पहिल्या महायुद्धात काम लवकर उरकावं म्हणून मॅगझिन कटऑफ, लांबच्या माऱ्याची व्हॉली साइट, साइट डावी-उजवीकडे सरकवायची सोय हे सगळं काढून १९१६ मध्ये मार्क ३ स्टार मंजूर झाला, त्यामुळे सॉकेटवर स्टार आहे आणि अंगावर सगळे जुने भाग आहेत असं दिसलं तर ते नंतर कुणी बसवलेत का ते विचारायचं. अर्थात युद्धाच्या काळात कारखान्यांनी शिल्लक भागही वापरले, तेव्हा एवढ्यावरून लगेच खोटी ठरवू नका.

खोटी कशी ओळखायची याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खैबर खिंडीतल्या रायफली. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणी कारागीर हातानं नक्कल बनवत आलेत आणि शिक्केही नकलेत उतरवतात, पण अक्षरं न वाचता चित्रासारखी काढल्यामुळे एन उलटा होतो, एनफिल्डचं स्पेलिंग चुकतं. व्ही.आर. असा शिक्का असलेली छोटी ली-एनफिल्ड समोर आली की समजून जायचं, कारण राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली आणि ही रायफल सैन्यात आली १९०३ च्या सुमारास. अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिकांनी आठवण म्हणून अशा बऱ्याच वस्तू घरी नेल्या. भिंतीवर लावायला त्या सुंदरच आहेत, हातकारागिरी म्हणून मला त्यांचा आदरही वाटतो, पण पोलादाचा भरवसा नाही, तिच्यातून गोळी झाडायची नाही म्हणजे नाही.

शिक्क्यांनंतर नंबर. बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो ते लोखंडी अंग), बॅरलवर म्हणजे नळीवर, मागच्या साइटवर, नळीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी नोजकॅपवर आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या बाजूला एकच नंबर असेल तर ती मूळची जुळणी. मॅगझिन वेगळं असलं तर फार मनावर घेऊ नका, पण बोल्टचा नंबर जुळत नसेल तर तो फक्त किमतीचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे, कारण प्रत्येक बोल्ट त्या-त्या रिसीव्हरला घासून बसवलेला असायचा. नंबर नव्यानं ठोकलेला असेल तर आकड्यांच्या कडा धारदार लागतात, आजूबाजूचा काळा रंग ताजा असतो आणि कधी जुना आकडा खोडल्याची रेघ दिसते. बोट फिरवून बघा, डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं.

आता हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड पुढे जिथे टेकते ती पायरी यांच्यातली जागा. .३०३ चं काडतूस कडेवर टेकतं, त्यामुळे मोजमाप त्या कडेचं. सैन्याच्या गेजप्रमाणे (गेज म्हणजे ठरावीक जाडीचा मापाचा तुकडा) .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि .०७४ वर होता कामा नये. जागा जास्त असली की काडतुसाचं पितळ मागून फाटतं आणि गरम वायू बोल्टकडे येतो. नंबर ४ रायफलीत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या नंतरच्या ली-एनफिल्डमध्ये, बोल्टहेड (बोल्टचं पुढचं टोक) ० ते ३ अशा नंबरांचे मिळतात, मोठा नंबर लावून ही जागा कमी करता येते, म्हणून कुठला नंबर बसवलाय ते बघून ठेवा. ३ नंबर लावूनही गेज फेल होत असेल तर पुढे सुधारायला वाव उरलेला नाही असं समजा. नंबर ४ चाच मार्क १ स्टार हा प्रकार कॅनडाच्या लाँग ब्रँच आणि अमेरिकेच्या सॅव्हेजनं बनवला, त्यात बोल्ट काढायला वेगळा खटका न ठेवता बोल्टहेड सरकतो त्या रेलमध्येच एक खाच ठेवलीय आणि त्या खाचेची कड चिपते. चिपली की बोल्टहेड मधेच रेलमधून उडी मारून वर येतो. बोल्ट मागे-पुढे करताना तिथेच नजर ठेवायची, घाईत ही गोष्ट हमखास राहून जाते.

बॅरल बघताना आधी मॅगझिन काढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे याची खात्री करायची, बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा आणि मागून उजेडाकडे धरून बघायचं. गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा थोड्या काळपट असल्या तरी उंचवटे धारदार असतील तर रायफल बऱ्यापैकी मारते. जास्त त्रास तोंडाशी असतो, कारण सैनिक दोरीला चिंधी बांधून नळी साफ करायचे आणि दोरी वाकडी ओढली की तोंडाची एक बाजू घासून जाते. गोळीचं टोक नळीच्या तोंडात घालून ती किती आत जाते हे बघायची सोपी युक्ती लोक वापरतात, जवळजवळ सगळीच आत गेली तर तोंड झिजलंय. नंबर ४ मध्ये युद्धकाळात दोनच खाचांच्या नळ्याही बनल्या, ते बघून घाबरायचं कारण नाही. लाकडाखाली काय आहे तेही महत्त्वाचं, वरचं हँडगार्ड उचललं की गंजाची रेघ दिसते, आणि ट्रिगरच्या मागे जिथे पुढचं लाकूड सॉकेटला टेकतं तिथे तडा आहे का हे तर बघायलाच हवं.

डीपी असा शिक्का म्हणजे ती फक्त कवायतीची, ती झाडण्यासाठी घेऊ नका, काहींवर पांढरे पट्टेही मारलेले असतात. एफटीआर आणि पुढे साल असेल तर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालीय, ही चांगली खूण. ईशापूरच्या काही रायफलींच्या पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसते, ती ग्रेनेड डागायच्या कामासाठी, दिसायला छान पण त्या नळीनं बरंच सोसलेलं असतं.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरनं ७.६२ मिमीची टू ए आणि मग टू ए वन बनवली. दिसायला जुन्या थ्री नॉट थ्रीसारखीच, पण मॅगझिन जास्त चौकोनी आणि टू ए वनची साइट २००० यार्डांऐवजी ८०० मीटरपर्यंत. पोलाद सुधारलेलं आहे, तरी ही आणि .३०३ एकच असं समजून काडतुसांची अदलाबदल करायचा विचारही नको. परदेशात टू ए वन कापून 'जंगल कार्बाइन' म्हणून विकल्या गेल्यात. खरी जंगल कार्बाइन नंबर ५, ती १९४४ ते १९४७ मध्ये .३०३ मध्येच बनली, रिसीव्हरच्या डाव्या बाजूला विजेच्या पेन्सिलनं नंबर ५ असं लिहिलेलं असतं आणि वजन कमी करायला बॅरलचा मागचा जाड भाग खरवडलेला असतो. नंबर ४ कापून फ्लॅश हायडर लावलेल्या नकलांत हे खरवडणं नसतं. स्नायपरसाठीच्या नंबर ४ टीच्याही नकला बऱ्याच. पुढचं लाकूड कापून शिकारी रायफल केलेल्यांची किंमत बरीच पडते, आणि कधी कापलेलं लाकूड पट्ट्याखाली गुपचूप जोडलेलं असतं, तो पट्टा सैल करून बघितल्याशिवाय कळत नाही. मूळ अवस्थेतली रायफल आज कुणी कापत असेल तर ते मला खरंच वाईट वाटतं, तिचा तसा तुकडा पुन्हा तयार होणार नाहीये.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानं लष्करी सरप्लस आयात बंद झाली आणि १९८० च्या दशकात पुन्हा सुरू झाली, त्यामुळे नंतर आलेल्यांवर आयातदाराचं नाव आणि गाव कोरलेलं असतं. ते नसलेल्या रायफलीला संग्राहक जास्त पैसे मोजतात.

भारतात कायदेशीर जवळचा पर्याय म्हणजे ईशापूरचीच .३१५ स्पोर्टिंग रायफल. तिला परवाना लागतो आणि परवानाधारकाकडून किंवा लायसन्सवाल्या डीलरकडूनच घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे तिसरं असलेल्यांना ते सोडावं लागलं. तपासणी वरच्यासारखीच, फक्त परवान्यावरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर आधी जुळवायचा.

काडतुसांवर के एफ असा शिक्का दिसला तर ती खडकीची, म्हणजे किरकी फॅक्टरीची. जुन्या खडकीच्या मालातला प्रायमर क्षारयुक्त, तो झाडला की क्षार नळीत राहतात आणि दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. तेल लावून हे जात नाही, आधी गरम पाणी ओतून नळी धुवायची, कोरडी करायची आणि मगच तेल.