मोबाइल डेटाची वाढ : आकड्यात नेमकं काय धरलंय?

2009च्या अखेरीस जगभरातल्या मोबाइल नेटवर्कवर डेटाने आवाजी कॉलना मागे टाकलं. त्याच डिसेंबरात स्टॉकहोम आणि ऑस्लोत एलटीई, म्हणजे 4जी, सुरू झालं. पुढे आकडा फुगवला तो मुख्यतः व्हिडिओने.

गुंता आहे तो ‘मोबाइल डेटा ट्रॅफिक’ या शब्दातच. फोनवर वाय-फायने पाहिलेला व्हिडिओ यात येत नाही, तो ब्रॉडबँडच्या खात्यात जातो. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉपने ओढलेला डेटा मात्र मोबाइलचाच. मोजणीची जागा बदलली की आकडाही बदलतो. कोअर नेटवर्कच्या गेटवेवर, म्हणजे कंपनीची मध्यवर्ती यंत्रणा इंटरनेटला जोडणाऱ्या दारावर, ग्राहकाचे आयपी पॅकेट (डेटाचे तुकडे) मोजले जातात. टॉवर ते गेटवे या टप्प्यावर त्यांवर जीटीपी टनेलचे हेडर, म्हणजे वाहतुकीपुरती जादा वेष्टनं, चढतात. आणि हवेतून जाताना बिघडलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागतात. एकच क्लिप, तीन वेगळे आकडे.

2019मध्ये व्यावसायिक 5जी आल्यावर यात एफडब्ल्यूएची भर पडली, म्हणजे केबलऐवजी सिमवाल्या राउटरने घरभर इंटरनेट. हा राउटर जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचा डेटा ‘मोबाइल’ म्हणायचा का, हा वाद अजून आहे. काही अहवाल तो एकूण बेरजेत धरतात, काही वेगळा दाखवतात. वेगळा दाखवणंच रास्त. नाहीतर फोनचा वापर मंदावला तरी आलेख चढताच दिसतो.

मंदावणं म्हणजे टक्के घटणं, हेही ध्यानात ठेवायला हवं. 2018च्या सुमारास वार्षिक वाढ 80 टक्क्यांच्या पुढे गेली होती, अलीकडे ती 20च्या आसपास आली. पण महिन्याला 10 एक्साबाइटवर 80 टक्के म्हणजे 8ची भर, 100वर 20 टक्के म्हणजे 20ची. (1 एक्साबाइट म्हणजे 100 कोटी जीबी.)

नेटवर्कची क्षमता मात्र महिन्याच्या बेरजेवर नाही, सर्वाधिक गर्दीच्या तासावर ठरते. महिन्याला 15 जीबी वापरणाऱ्याचे दिवसाला 500 एमबी. त्यातले 7 टक्के त्या तासात धरले तर 35 एमबी, म्हणजे सरासरी 78 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट; 1 बाइट म्हणजे 8 बिट). एफडब्ल्यूएच्या घराचे 300 जीबी याच हिशेबाने दीड एमबीपीएसच्या वर जातात. एका सेलवर (टॉवरच्या एका अँटेनाच्या टापूत) अशी 50 घरं जोडली की नुसती सरासरीच 78 एमबीपीएस, आणि घरातले टीव्हीही बहुधा त्याच तासाला चालू असतात.