लाइट आली, पण प्रिंट येईना

पावसाळ्यात देवगड-मालवणकडे लाइट जाते-येते. राउटर सुरू होतो, प्रिंटरचा दिवा लागतो, तरी संगणक सांगतो, ‘प्रिंटर ऑफलाइन’. ई-सेवा केंद्रात सातबाऱ्यासाठी माणसं खोळंबतात आणि दुरुस्तीवाल्याला फोन जातो. पुष्कळदा प्रिंटर ठणठणीत असतो. बदललेला असतो त्याचा पत्ता.

नेटवर्कवरच्या उपकरणांना राउटर आयपी पत्ते, म्हणजे प्रत्येकाची ओळख सांगणारे आकडे वाटतो, तेही मुदतीवर. लाइट जाऊन आली की अनेक साधे राउटर जुनी वाटणी विसरतात. काल प्रिंटर १९२.१६८.१.७ वर होता, आज १२ वर गेला. संगणक मात्र ७ कडेच प्रिंट पाठवत राहतो.

हे तपासायला पिंग ही संगणकावर टाइप करायची आज्ञा आहे. माइक मूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि नाव दिलं पाणबुडीतल्या ‘सोनार’ यंत्राच्या आवाजावरून. आपल्या ट्रॉलरवरचं मासे शोधायचं यंत्र पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, तसं पिंग छोटा संदेश पाठवून उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते सांगतं. आधी राउटरला पिंग करा. तिथूनच उत्तर नसेल तर प्रिंटर उघडू नका, नेटवर्कची वायर बघा. तिच्या टोकाचा प्लग उजेडात धरला की आत ८ बारीक पट्ट्या दिसतात. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो, पण स्वस्त प्लगवर तो अगदी पातळ. खाऱ्या हवेने आतला धातू गंजून हिरवट पडला असेल तर प्लग कापून नवा क्रिंप करावा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवावा.

आता खरी फसगत. ७ ला पिंग केलं, झटपट उत्तर आलं, तरी प्रिंट नाही! कारण ७ हा पत्ता आता कुणाच्या तरी मोबाइलला मिळालेला असतो आणि उत्तर तोच देतो. पिंगला कळतं ते एवढंच, की त्या पत्त्यावर कुणीतरी आहे. म्हणून प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घ्या आणि त्यावरचा पत्ता संगणकातल्या पत्त्याशी ताडून बघा. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, प्रिंटरने स्वतःच एक घेतलाय.

पत्ता जुळूनही कागद हलत नसेल, तर संगणकातली अडकलेली प्रिंटची रांग रिकामी करावी. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक क्रमांकाला (उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक) एक आयपी कायमचा राखून ठेवावा. हे मे महिन्यातच, पावसाळा सुरू व्हायच्या आत उरकलेलं बरं.