ब्राउझर उघडायला लागणारा वेळ नेमका कुठे खर्च होतो?

जुन्या लॅपटॉपवर सकाळी पहिल्यांदा ब्राउझर उघडला, तर चिन्हावर क्लिक केल्यापासून खिडकी दिसेपर्यंत अर्धे-पाऊण मिनिट सहज जाते. तोच ब्राउझर बंद करून लगेच पुन्हा उघडला, तर चार-पाच सेकंदांत समोर येतो. हा अनुभव इतका रोजचा आहे की त्याकडे पुरावा म्हणून कोणी पाहत नाही. वास्तविक या दोन वेळांमधला फरक ही निदानासाठी हाती आलेली सर्वांत मोलाची खूण आहे. ब्राउझर तोच, त्यातली एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने) तीच आणि प्रोसेसरही तोच असताना बदलली ती मुख्यतः एकच गोष्ट: दुसऱ्या वेळी ब्राउझरच्या फाइली डिस्कवरून नव्याने आणाव्या लागल्या नाहीत, कारण त्या आधीच रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या झटपट पण तात्पुरत्या स्मृतीत होत्या. एकदा वाचलेल्या फाइलींची प्रत ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या रॅममध्ये ठेवून देते आणि प्रोग्राम बंद झाला तरी ती जागा दुसऱ्या कामाला लागेपर्यंत पुसत नाही. म्हणून पहिल्या सुरुवातीला कोल्ड स्टार्ट आणि दुसऱ्या सुरुवातीला वॉर्म स्टार्ट म्हणतात, आणि या दोहोंतली तफावत मोठी असेल तर पहिला संशय डिस्कवर घ्यावा.

डिस्कला एवढा वेळ का लागतो, हे साध्या हिशेबाने समजते. अनेक जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे तिच्या तबकडीच्या एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचक टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते, आणि टोक योग्य कक्षेवर सरकवण्यासाठी त्याआधी आणखी दहा-बारा मिलिसेकंद गेलेले असतात. अशा रीतीने विखुरलेली एक जागा वाचायला साधारण १७ मिलिसेकंद लागतात. ब्राउझर उघडताना प्रोग्रामचे भाग, सेटिंग, इतिहासाची नोंदवही, एक्स्टेन्शन, फाँट अशा गोष्टींसाठी समजा हजार ठिकाणी जावे लागले, तर केवळ या धावपळीत १७ सेकंद संपतात. याउलट सलग लिहिलेली १०० मेगाबाइटची फाइल तीच डिस्क सेकंद-दीड सेकंदात वाचून देते. म्हणजे वेळ खातो तो मजकुराचा आकार नव्हे, तर त्याचे विखुरलेपण. एसएसडी या चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे एका वाचनाला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच वेळ पुरतो आणि तीच हजार वाचने सेकंदाच्या आत उरकतात.

ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हे गणित चुकलेले नाही. २०१० च्या सुमारास फायरफॉक्सचे अभियंते सुरुवातीचा वेळ कमी करण्याच्या मागे लागले, तेव्हा त्यांना आढळलेली एक गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ब्राउझरची मुख्य लायब्ररी (त्याचा बराचसा कोड असलेली मोठी फाइल) मेमरीत येत असताना तिच्यातले सुरुवातीचे छोटे छोटे कोड फाइलीच्या शेवटाकडून पहिल्या टोकाकडे, म्हणजे उलट क्रमाने चालत होते. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र वाचक पुढे पुढे जाईल असे गृहीत धरून फाइलीचा पुढचा भाग आधीच आणून ठेवत होती. ती तयारी बहुतांशी वाया जात होती आणि डिस्कचे टोक पुन्हा पुन्हा मागे सरकत होते. कोडमध्ये चूक कुठेही नव्हती, उत्तर बरोबरच येत होते; फक्त वाचण्याची दिशा उलटी होती. पुढे मोठी लायब्ररी आधी सलग वाचून घ्यायची आणि मग ती वापरायला घ्यायची, अशी युक्ती विंडोजवरील आवृत्तीत आली. मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ४ मध्ये शेकडो छोट्या फाइली एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या, तेही याच कारणासाठी. विंडोजनेही २००१ च्या एक्सपीपासून प्रीफेच नावाची सोय दिलेली आहे: एखादा प्रोग्राम उघडल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत तो कोणकोणत्या फाइलींचे कोणते भाग वाचतो याची नोंद ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ते भाग आधीच, सोयीच्या क्रमाने आणले जातात. वेग वाढवण्याच्या नावाखाली या नोंदींचा फोल्डर रिकामा करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो पाळला तर पुढची सुरुवात उलट अधिक संथ होते.

हे सारे लक्षात घेऊन मोजमाप करायचे, तर संगणक ‘रीस्टार्ट’ करावा, कारण विंडोजमध्ये ‘शटडाउन’ केल्यावर सिस्टिमचा काही भाग जतन करून ठेवलेला असू शकतो. त्यानंतर पाच-सात मिनिटे काहीही न उघडता थांबावे. संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम त्या काळात डिस्कसाठी आपसात झुंजत असतात, आणि त्या गर्दीत ब्राउझरची परीक्षा घेतली तर निकाल ब्राउझरचा लागत नाही. मग मोबाइलमधले घड्याळ लावून पहिली वेळ नोंदवावी, ब्राउझर बंद करून दुसरी वेळ नोंदवावी. यात एक फसगत होऊ शकते: क्रोम किंवा एज यांची खिडकी बंद केली तरी, सेटिंगनुसार, त्यांच्या काही प्रक्रिया पडद्यामागे चालूच राहतात. त्यामुळे दुसरी सुरुवात खरी सुरुवात नसते. टास्क मॅनेजर (चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून ब्राउझरची एकही प्रक्रिया उरलेली नाही, याची खात्री करूनच घड्याळ लावावे.

कोल्ड स्टार्ट फार लांब आणि वॉर्म स्टार्ट आखूड निघाला, तर सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी फारसा फरक पडणार नाही. आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करणे आणि शक्य असल्यास हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे, हेच खरे उपाय आहेत. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची एसएसडी त्याच खाचेत बसते. मात्र कालपर्यंत ठीक चालणारा संगणक अचानक सगळ्याच बाबतीत संथ झाला असेल, तर इथेच थांबावे. खराब होत चाललेली हार्ड डिस्क न वाचता येणारी जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तो विलंब वरवर साध्या मंदपणासारखा दिसतो. अशा वेळी ब्राउझर बाजूला ठेवून आधी घरातले फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी सुरुवातही पहिलीइतकीच रेंगाळत असेल, तर तपासाची दिशा बदलते. आता संशय ब्राउझरच्या आतल्या सामानावर किंवा त्याला अडवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामवर जातो. यासाठी सर्वांत चांगली कसोटी म्हणजे नवे प्रोफाइल. प्रोफाइल म्हणजे आपला इतिहास, बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन आणि सेटिंग यांचा स्वतंत्र फोल्डर असतो. नवे प्रोफाइल तयार केल्याने जुने पुसले जात नाही, त्यामुळे ही कसोटी घ्यायला भीती नाही. कोरे प्रोफाइल झटकन उघडले, तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे हे सिद्ध होते, आणि तिथे बहुधा एखादे एक्स्टेन्शनच निघते. एकेक बंद करून पाहत बसण्यापेक्षा निम्मी एक्स्टेन्शन बंद करावीत. मंदपणा ज्या निम्म्यात सापडेल त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. सोळा एक्स्टेन्शनांमधून दोषी असलेले एक शोधायला अशा चार फेऱ्या पुरतात. फायरफॉक्समध्ये ‘ट्रबलशूट मोड’ हा पर्याय सगळी एक्स्टेन्शन तात्पुरती बाजूला ठेवून ब्राउझर उघडतो, त्यामुळे पहिला निकाल लगेच मिळतो.

मंदपणाची तक्रार केली की कॅशे साफ करण्याचा सल्ला हमखास मिळतो. कॅशेमध्ये पूर्वी पाहिलेल्या पानांची चित्रे आणि तत्सम फाइली असतात. ब्राउझरची खिडकी उघडण्याशी त्यांचा संबंध फार थोडा, आणि त्या पुसल्या की तीच चित्रे इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घ्यावी लागतात. साठा बिघडलेला असल्याची शंका असेल तेव्हा हा उपाय रास्त आहे, पण दर आठवड्याचा नेम म्हणून तो करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

कोरे प्रोफाइलही तितकेच संथ असेल, तर टास्क मॅनेजर समोर ठेवून ब्राउझर उघडावा आणि त्या क्षणी प्रोसेसर व डिस्क कोण वापरते आहे ते पाहावे. अँटिव्हायरस उघडल्या जाणाऱ्या फाइली तपासतो, आणि आजचा ब्राउझर तर एकाच वेळी अनेक प्रक्रिया सुरू करतो. टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवण्याची ही रचना २००८ मध्ये आलेल्या क्रोमने सर्वदूर नेली. सुरक्षेसाठी ती चांगलीच आहे, परंतु एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस बसवलेले असतील तर तीच फाइल दोनदा तपासली जाऊ शकते. त्यांपैकी एक काढून टाकावा. दोन्ही बंद करण्याचा मोह टाळावा.

एक प्रकार याहून वेगळा आहे. खिडकी लगेच येते, पत्त्याची पट्टी दिसते, पण पहिले पान बराच वेळ कोरे राहते, आणि एकदा ते उमटले की पुढची पाने सुरळीत चालतात. इथे डिस्क निर्दोष असते. कार्यालयात किंवा महाविद्यालयात वापरलेला लॅपटॉप घरी आणला की हे घडू शकते, कारण इंटरनेटसाठी मध्यस्थ सर्व्हर (प्रॉक्सी) शोधण्याची सूचना त्याच्या सेटिंगमध्ये कायम असते. घरच्या नेटवर्कवर तसा सर्व्हर नसतो, तरीही लॅपटॉप त्याला हाक मारतो आणि उत्तराची मुदत संपेपर्यंत वाट पाहतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमधील ‘प्रॉक्सी’ या पानावर ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ हा पर्याय असतो. तो बंद करून ब्राउझर पुन्हा उघडून पाहावा. पहिले पान लगेच आले, तर कारण सापडले. लॅपटॉप कार्यालयाच्या मालकीचा असेल, तर हा बदल करण्याआधी तिथल्या आयटी विभागाला विचारावे, कारण सोमवारी कामावर गेल्यावर तोच पर्याय कदाचित पुन्हा चालू करावा लागेल.