क्लीट, पायडल आणि हळू सायकल : थोडी पार्श्वभूमी

सध्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये जो येतो तो पहिल्या महिन्यातच विचारतो, क्लीट, म्हणजे बुटाच्या तळव्याला स्क्रूनं बसवायचा आणि पायडलमध्ये अडकणारा तुकडा, कधी लावू. संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, पहाटे निघणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये हा वाद चालूच असतो. म्हणून हे प्रकरण आलं कुठून, ते एकदा नीट लिहून ठेवतोय.

सगळ्यात जास्त गोंधळ नावातच आहे. क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलं. पण पाय तर खट्कन अडकतो, आणि आपणच म्हणतो क्लिप इन कर, क्लिप आउट कर. मग क्लिपलेस कसं? तर नाव पडलं तेव्हा क्लिप म्हणजे टो क्लिप, बुटाच्या पुढच्या टोकाला अडकवायचा पिंजरा, वरून चामड्याचा पट्टा. कितीतरी वर्षं रेसवाले त्याच पट्ट्यात पाय आवळून पळले आणि थांबायच्या आधी खाली वाकून हातानं पट्टा सैल करायचे. पुढं बुटाच्या तळव्यालाच धरणारं पायडल आलं, पिंजरा गेला, म्हणून हे क्लिपलेस. पिंजरा गेल्याला आता जमाना झाला, आपल्याकडच्या बहुतेकांनी तो डोळ्यानं पाहिला पण नाही, पण नाव तेच चिकटून राहिलं. मी स्वतः बोलताना क्लीटचं पायडल असंच म्हणतो, ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

दुसरा गोंधळ एसपीडी या नावाचा, आणि यात लोकांचे पैसे जातात. जपानच्या एका कंपनीनं १९९० ला माउंटन बाइकसाठी दोन स्क्रूचं, छोट्या लोखंडी क्लीटचं पायडल काढलं, क्लीट सोलच्या खाचेत बसते त्यामुळं बूट घालून चालता येतं. ते एसपीडी. नंतर त्याच कंपनीनं रोड बाइकसाठी तीन स्क्रूचं, मोठ्या प्लास्टिक क्लीटचं पायडल आणलं आणि त्याला नाव दिलं एसपीडी-एसएल. नाव जवळजवळ एकच पण एकाची क्लीट दुसऱ्यात बसत नाही म्हणजे नाहीच. ऑनलाइन बूट मागवताना माणूस एसपीडी एवढंच वाचतो, बॉक्स आला की कळतं तळाला तीन भोकं आहेत आणि पायडल दोन स्क्रूवालं. परभणीच्या एका मित्राचं असंच झालं, बूट परत पाठवून दुसरे येईपर्यंत त्याचे पंधरा दिवस गेले. तेव्हा आधी तळव्याची भोकं मोजायची, नाव नंतर वाचायचं.

मागचा इतिहास तसा थोडक्यात सांगता येतो. पाय पायडलला लॉक करायची कल्पना लई जुनी, अमेरिकेत १८९५ लाच तसं पेटंट निघालं होतं. १९७१ ला इटलीत एक पायडल आलं, त्यातून पाय सोडवायला हातानं खटका ओढावा लागायचा, म्हणजे पडताना पाय सुटायची आशाच नको. खरा बदल १९८४ चा. फ्रान्समध्ये बर्फावर घसरायच्या स्कीला बूट अडकवायची यंत्रणा बनवणाऱ्यांनी तीच युक्ती पायडलला लावली, टाच बाहेर फिरवली की पाय मोकळा. पुढच्याच वर्षी, १९८५ ला, टूर दि फ्रान्सच्या विजेत्यानं तेच पायडल वापरलं आणि नंतर थोड्याच वर्षांत रेसमधून पट्टे गेले. पाय अडकवून कसा ठेवायचा हे जुनंच होतं, या पायडलनं तो हात न लावता, नुसती टाच फिरवून सोडवायची सोय केली. आपल्याकडं उलटीच समजूत आहे, क्लीट म्हणजे पाय बांधून घेणं.

आता आपल्या भागाचं. आमच्या आधीच्या पिढीची काळी २२ इंची सायकल, दांडीचे ब्रेक. पोरं नळीतून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली, सीटवर बसायला दोन वर्षं लागायची. गणपतीत गल्लीत हळू सायकलची स्पर्धा व्हायची, चुन्यानं आखलेला पट्टा, जो शेवटी पोहोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. आज ज्याला बाइक हँडलिंग म्हणून व्हिडिओ बघून शिकायलेत, जागेवर तोल धरणं, हँडल कमी आणि अंग जास्त वापरणं, मागचा ब्रेक हलका धरून पायडल चालू ठेवणं, ते सगळं त्या पट्ट्यात होतं. एकच गोष्ट आपण चुकीची शिकलो, पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. थांबायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, वजन मागं घेऊन तो हळूहळू दाबायचा.

मग मधली वीसेक वर्षं सायकल सुटली, मोटारसायकल आली. २०१० नंतर गिअरवाल्या सायकली दिसायला लागल्या, पाठोपाठ ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या राइड आल्या, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० चाळीस तासांत, आणि तिथं पुण्या-मुंबईच्या लोकांच्या पायात क्लीट बघून आपल्याकडं पण मागणी सुरू झाली. २०२० च्या लॉकडाऊननंतर तर लोकांनी सायकल आणि क्लीट एकदमच घेतले. हाफ पायडलची पिढी संपलेली आणि क्लीट हजर, पडापडी होती ती या मधल्या खड्ड्यामुळं, पायडल बिचारं त्यात नाहक बदनाम झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

माझंच सांगतो. दौलताबादच्या पुढं खुलताबादकडं जाताना रस्ता जुन्या दिल्ली गेटमधून जातो, एका वेळी एकच मोठी गाडी मावते. नवीन क्लीट लावून आठवडा झाला होता, पुढं एसटी गेटमध्ये शिरली, मी डावा पाय सोडला, पण गिअर जड राहिलेला, चढावर सायकल जागीच थांबली आणि तोल गेला उजवीकडं, जो पाय अडकलेला होता त्या बाजूला. कोपर सोललं, आणि मागच्या पिकअपवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलो. पाय सुटला होता, पण वजन त्या पायाकडं टाकायचं असतं हे अंगात बसलेलं नव्हतं. हळू सायकल खेळलेला माणूस तिथं पडला नसता.

आता बऱ्याच ग्रुपमध्ये पहिला महिना साधं पायडल असा नियम करायलेत, काहींना तो पटत नाही, म्हणतात लांबच्या राइडला क्लीटशिवाय ताकद वाया जाते. पायडल वर ओढून लई जोर मिळतो हे मात्र खरं नाही, चांगले रेसर सुद्धा जोर मुख्यतः खालीच लावतात, वर येणारा पाय फक्त हलका ठेवतात. क्लीटचा फायदा पाय जागेवर राहण्याचा, खडबडीत रस्त्यावर न घसरण्याचा. मी नवीन माणसाला दोन स्क्रूवालीच सुचवतो, पायडलची स्प्रिंग ३ एमएमच्या ॲलन कीनं एकदम सैल करून, आणि क्लीट सगळ्या बाजूनं सुटणारी, चंदेरी रंगाची मिळते ती. आधी शाळेच्या मैदानावर एक तास फक्त डावा पाय अडकवणं-सोडवणं, मग डांबरी.

आणि पावसाळ्यात एक लक्षात ठेवा, आपली काळी माती. शेताच्या कडेला लघवीला जरी उतरलात तरी क्लीटमध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि वाळला की सिमेंट, मग पाय ना अडकतो ना धड सुटतो. खिशात जुना स्क्रूड्रायव्हर ठेवायचा, सायकलवर बसायच्या आधी दोन्ही खाचा कोरून काढायच्या.