पाठ टेकली म्हणजे नेमकं काय टेकलं?

गेल्या दिवाळीत मामा सांगलीहून आमच्याकडे आले होते. तरुणपणी जत्रांच्या फडात कुस्त्या केलेले, दोन्ही कान मोडलेले. फराळाची ताटली मांडीवर घेऊन त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये डोकावलं. मी ब्राझिलियन जिउ-जित्सूची एक लढत पाहत होतो. एक गडी उताणा, पाय वर. दुसरा त्या पायांच्या जंजाळातून वाट काढायला धडपडतोय. मामांनी चकली मोडली आणि म्हणाले, "पाठ टेकली की रे त्याची. मग आता हे काय कराय लागल्यात?"

या खेळात पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिवड्यावर ताक ओतलं होतं.

प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. चार वर्षं मी हा खेळ खेळतोय, दिवसा पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो, आणि पाठ टेकते तेव्हा नेमकं काय घडतं हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

आधी खेळाची तोंडओळख. मित्सुयो माएदा हा जपानच्या कोडोकानमध्ये ज्युडो शिकलेला मल्ल १९१४ साली ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलें शहरात स्थिरावला. त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला, आणि १९२५ च्या सुमारास ग्रेसी भावांनी रिओ दि जानेरोत आपली तालीम सुरू केली. ज्युडोतलं फेकणं तिथे मागे पडलं, जमिनीवरची लढत पुढे आली. आपल्या कुस्तीत चितपट झाला की ढोल वाजतो. इथे खालचा माणूस पाय मध्ये घालून वरच्याला अडवून धरू शकतो, उलथवू शकतो, पायांनीच त्याचा गळा आवळू शकतो. या पायांच्या तटबंदीला म्हणतात गार्ड. ती ओलांडून बाजूला किंवा छातीवर येणं आणि ३ सेकंद तिथे टिकणं म्हणजे गार्ड पास. त्याचे ३ गुण मिळतात.

नवशिक्याला वाटतं की गार्ड पास करणं म्हणजे पायांना वळसा घालणं. मीही पहिलं वर्षभर पायांशीच भांडलो. पाय डावीकडे ढकलायचा, उजवीकडून धावायचं. समोरचा नुसता कंबरेवर गर्रकन फिरायचा आणि पाय पुन्हा माझ्यासमोर. मी तीन पावलं टाकायचो, तो एक हातभर फिरायचा. वर्तुळाच्या परिघावर मी पळतोय आणि केंद्रात तो बसलाय, मग दमणार कोण?

तर कळीचा प्रश्न असा: तो इतक्या सहज फिरतो कसा?

शाळेत लाकडी ठोकळा टेबलावर ओढायचा प्रयोग तुम्ही केला असेल. ठोकळा आडवा ठेवा की उभा, ओढायला लागणारं बल जवळपास तेवढंच. घर्षण दोनच गोष्टींवर ठरतं: पृष्ठभाग किती खरखरीत आहेत, म्हणजे घर्षणाचा गुणांक, आणि ठोकळा टेबलावर किती जोराने दाबला जातोय. किती क्षेत्रफळ टेकलंय याला महत्त्व नाही. फ्रान्सच्या गियोम आमोंताँने १६९९ मध्ये हा नियम मांडला. (मऊ कातडी आणि कापडाला तो तंतोतंत लागू होत नाही, पण आपल्या कामापुरता पुरे.)

म्हणजे उताणा पडलेला माणूस आणि कुशीवर अंग चोरून पडलेला माणूस, दोघांना सरळ फरफटत न्यायला सारखाच जोर लागेल. पण फरफटवणं वेगळं आणि गरगर फिरणं वेगळं. फिरण्याच्या बाबतीत क्षेत्रफळ नसलं, तरी टेकलेले भाग फिरण्याच्या केंद्रापासून किती लांब आहेत हे फार महत्त्वाचं ठरतं.

भोवरा आठवा. आरीवर उभा असेपर्यंत तो मिनिटभर घुमतो. आडवा पडला की दोन गिरक्या घेऊन थंड. वजन तेच, जमीन तीच. आरीचं टोक अक्षावरच टेकलेलं असतं, त्यामुळे तिथल्या घर्षणाला फिरणं अडवायला हाताशी अंतरच मिळत नाही. दार बिजागरीजवळ धरून थांबवायला जीव जातो, कडेला धरलं की एक बोट पुरतं. तोच हिशोब. फिरण्याला होणारा विरोध म्हणजे घर्षणबल गुणिले अंतर, ज्याला टॉर्क किंवा बलाचं आघूर्ण म्हणतात.

आता आकडे घालून पाहू. खालचा गडी ७० किलोचा. पाय हवेत आहेत, तेव्हा सगळं वजन धडावर: साधारण ७०० न्यूटन. गुणांक ०.५ धरू, म्हणजे घर्षणबल ३५० न्यूटन. चांगला गार्ड खेळणारा पाठीची होडी करतो, गुडघे छातीकडे घेतो, किंचित कुशीवर होतो. गादीला टेकतो तो कंबरेजवळचा ताटलीएवढा गोल भाग. त्याची त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली, तर अशा गोल चकतीसाठी सरासरी अंतर त्रिज्येच्या दोन तृतीयांश येतं, म्हणजे ६ सेंटिमीटर. हे दोन तृतीयांश कुठून आलं त्यासाठी छोटंसं समाकलन करावं लागतं; ज्यांना कंटाळा येईल त्यांनी विश्वास ठेवावा. विरोध किती? ३५० गुणिले ०.०६, म्हणजे २१ न्यूटन-मीटर. एका पायाने मॅटला हलकासा रेटा दिला की झालं.

आता त्याला सपाट करा. खांद्याची पाती आणि माकडहाडाकडचा भाग, ही दोन टोकं टेकली. त्यांच्यात अंतर अर्धा मीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून प्रत्येक टोक २५ सेंटिमीटरवर. घर्षणबल तेच ३५०, अंतर ०.२५. विरोध जवळजवळ ८८ न्यूटन-मीटर. चौपट! मी अजून त्याच्यावर रतीभर वजनसुद्धा टाकलेलं नाही.

हे गणित मी एका रात्री वहीत मांडलं आणि चक्क उठून येरझाऱ्या घालायला लागलो. कारण आमचे प्रशिक्षक चार वर्षं एकच ओरडत होते, "पाय सोड, आधी त्याला सपाट कर!"

नी कट नावाचा पास जवळून पाहिला की हे लख्ख दिसतं. मी त्याच्या पायांमध्ये. त्याच्या एका मांडीवर माझी नडगी आडवी पडते आणि ती मांडी गादीला खिळते. त्याच क्षणी माझा हात त्याच्या लांबच्या काखेतून आत जातो. याला अंडरहुक म्हणतात. दुसऱ्या हाताने त्याची जवळची बाही वर ओढलेली. बघणाऱ्याला वाटतं सगळी करामत गुडघ्याची. पण काखेतला हात काढून घ्या, तो लगेच माझ्याकडे कुशीवर वळेल, भोवरा पुन्हा आरीवर उभा. अंडरहुक त्याला कुशीवर येऊ देत नाही. क्रॉसफेसचं कामही तेच: माझा खांदा त्याच्या जबड्यावर असा रुततो, की त्याचं तोंड पलीकडे वळतं. मान एका बाजूला पूर्ण वळलेली असताना धड दुसऱ्या बाजूला वळवून पाहा, आत्ता बसल्या बसल्या. जमतं, पण जीव खाऊन.

राहिलं वजन. आमची तालीम पाहायला येणारे विचारतात, तो वरचा माणूस पायांच्या बोटांवर का तोललाय, गुडघे टेकून आरामात का बसत नाही? घरात वजनकाटा असेल तर दोन मिनिटांचा प्रयोग करा. जोर काढताना घेतो तशी पोझ घ्या, हात सरळ ठेवून दोन्ही तळवे काट्यावर. काटा तुमच्या वजनाच्या साधारण ६९ टक्के दाखवेल. आता गुडघे टेका. आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास येईल. कारण तरफेचं आहे. टेकू पायाच्या बोटांशी, गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसात तो तळपायापासून सुमारे ९४ सेंटिमीटरवर आणि खांदा १३९ वर. ९४ भागिले १३९ केलं की ०.६८. काट्याने दाखवलं त्याच्या किती जवळ! गुडघे टेकले की टेकू पुढे सरकतो आणि तुमचं थोडं वजन फुकट गादीला मिळतं.

मी ७० किलोचा असेन तर बोटांवर राहून ४८ किलो त्याच्या छातीवर देतो, गुडघ्यांवर बसलो तर ३८. लढतीत अंग वाकडंतिकडं असतं, त्यामुळे आकडे हलतील, पण दिशा हीच. आणि हे ४८ किलो घर्षणात थेट मिळतात: आता गादीवर ११७० न्यूटन, घर्षणबल ५८५, आणि सपाट पडलेल्याला फिरायचं तर १४६ न्यूटन-मीटरशी झगडायचं. सुरुवातीच्या २१ च्या सातपट. दंडाच्या बेडक्या ताणून हे साधायला गेलो असतो तर मिनिटाभरात पेटके आले असते. गुरुत्वाकर्षण दमत नाही.

घामाने आणि तेलकट कातडीने गुणांक घसरतो. गी, म्हणजे या खेळाचा जाड सुती पोशाख, न घालता खेळलं की खालचा माणूस साबणासारखा निसटतो, त्याचं हे एक कारण.

आता एक तक्रार. समाजमाध्यमांवर एक चित्रफीत फिरत असते: किरकोळ पोरगा, धिप्पाड माणूस, आणि खाली ओळ, 'तंत्रापुढे ताकद शून्य'. १९९३ साली डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांचे लढवय्ये एकमेकांशी भिडवणाऱ्या स्पर्धेत, रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या, तेव्हापासून ही दंतकथा जोरात आहे. ग्रेसीचं कौतुक मलाही आहे. पण वरचं गणित पुन्हा बघा, त्यात वजन स्पष्ट बसलंय. त्याचा परिणाम शून्य असता तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रौढ पुरुषांचे ५७.५ किलोच्या आतल्यापासून १०० किलोच्या वरच्यापर्यंत नऊ वजनी गट कशाला केले असते? आणि न शिवता, नुसत्या 'ऊर्जेने' माणूस लोळवणारे महागुरू तर वेगळ्याच गावचे. स्पर्शच नाही म्हणजे दाब शून्य, आणि शून्याला कशानेही गुणा.

एवढं कळून माझा पास दुसऱ्या दिवशी सुधारला का? छे. कळणं आणि जमणं यांत मोठी दरी असते. 'मसल मेमरी'ने ती भरते असं म्हणतात, पण डाव स्नायूंना आठवत नाही, तो मेंदू आणि मज्जासंस्थेत साठतो. १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे बांधून छिन्नीवर हातोडा मारतानाच्या हालचाली टिपल्या. कसलेल्या कामगाराचा प्रत्येक घाव नेमका बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांचे मार्ग दर वेळी थोडे निराळे असायचे. तो हालचाल घोकत नव्हता, तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवत होता. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या तीन हालचाली शिकवून पाहिल्या. एकेक हालचाल घोटणारे सरावात पुढे होते, पण सगळ्या सरमिसळ करणाऱ्यांना दहा दिवसांनंतरही त्या जास्त चांगल्या आठवल्या.

त्यामुळे आता मी मुडद्यासारख्या पडलेल्या जोडीदारावर पन्नास नी कट मारत नाही. आम्ही एक खेळ लावतो: तो कुशीवर येणार, मी त्याला सपाट ठेवणार, अर्धा मिनिट. पाय कुठेही जावोत. जोडीदारही बदलत राहतो, एक काटकुळा, एक नव्वद किलोचा. पहिले काही आठवडे लाज वाटावी इतकं वाईट जमलं. गुडघे उचलायचं तर सतरा वेळा विसरलो.

पाडव्याला मामा निघायच्या आधी मी तीच लढत त्यांना पुन्हा लावून दिली, काही न सांगता. ते चष्मा कपाळावर चढवून पाहत होते. खालचा गडी मगासारखाच पाय वर करून, मामा गप्प. चौथ्या मिनिटाला वरच्याचा हात काखेत गेला, खांदा जबड्यावर आला, खालच्याची कूस मोडली आणि दोन्ही पाती गादीला लागली. पंचाची तीन बोटं वर जायच्या आधीच मामांनी स्क्रीनवर बोट आपटलं.

"हां. आत्ता टेकली बघ."