एका गिरकीचे गणित : पहिल्या कुऱ्हाडफेक स्पर्धेची तयारी

कुऱ्हाड फळीवर आपटून खाली पडली की नवखा खेळाडू पुढच्या वेळी आणखी जोर लावतो. ती पुन्हा पडते, तो पुन्हा जोर वाढवतो. तासाभरात खांदा भरून येतो आणि कुऱ्हाड मात्र पडतच राहते. पहिल्या स्पर्धेची तयारी करणाऱ्याने सगळ्यात आधी हे समजून घ्यायला हवे की कुऱ्हाड रुतते की नाही, हे जोरापेक्षा गिरकीवर जास्त ठरते. आणि गिरकीचे गणित शाळेतल्या भूमितीत बसण्याइतके सोपे आहे.

आज स्पर्धांमध्ये दिसणाऱ्या या खेळाची सुरुवात २००६ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात, एका घराच्या परसात झाली. मॅट विल्सन आणि त्याचे मित्र तिथे कुऱ्हाडी फेकायचे. पुढे त्याचे क्लब झाले, नियम आले आणि २०१७ मध्ये ‘वर्ल्ड अ‍ॅक्स थ्रोइंग लीग’ ही संघटना उभी राहिली. तिच्या नियमांनुसार छोट्या कुऱ्हाडीसाठी रेषा फळीपासून १२ फुटांवर असते. सामना दोघांत, प्रत्येकाला १० फेकी. मधल्या वर्तुळाचे ६ गुण, बाहेर जावे तसे ४, ३, २, १. वरच्या बाजूला दोन छोटे ठिपके असतात, त्यांना किलशॉट म्हणतात. त्यांचे ८ गुण मिळतात, पण फेकण्याआधी तसे जाहीर करावे लागते आणि सामन्यात ही संधी दोनदाच मिळते. सगळ्या फेकी अचूक बसल्या तर बेरीज ६४.

आता गिरकीकडे. कुऱ्हाडीचा दांडा आडवा धरून बोटावर तोलून पाहा. तोल पात्याच्या अगदी जवळ सापडतो. हा तिचा गुरुत्वमध्य. हातातून सुटल्यावर हा बिंदू क्रिकेटच्या चेंडूप्रमाणेच वक्र रेषेत जातो आणि बाकीची कुऱ्हाड त्याच्याभोवती फिरते. सुटण्याच्या क्षणी हात आणि कुऱ्हाड एकसंध असतात, दोघे मिळून कोपर किंवा खांद्याभोवती फिरत असतात. त्यामुळे कुऱ्हाडीचा पुढे जाण्याचा वेग आणि तिचा फिरण्याचा वेग एकमेकांना बांधलेले असतात. हाताचा वेग दुप्पट केला तर दोन्ही दुप्पट होतात. सायकल हळू चालवा की जोरात, चाकाच्या एका फेऱ्यात ती तेवढेच अंतर कापते, इथेही तसेच. एका गिरकीत कापलेले अंतर म्हणजे २ × π (पाय, म्हणजे ३.१४) × त्रिज्या, आणि त्रिज्या म्हणजे फिरण्याच्या केंद्रापासून कुऱ्हाडीच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. या सूत्रात जोराला जागाच नाही.

आकडे घालून पाहू. फेक फक्त कोपरातून झाली तर सरासरी उंचीच्या माणसात ही त्रिज्या साधारण ४३ सेंटीमीटर भरते, म्हणजे एका गिरकीला २.७ मीटर लागतात. हात ताठ ठेवून खांद्यातून फेकले तर त्रिज्या ६७ सेंटीमीटरच्या आसपास आणि गिरकी ४.२ मीटरची. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, पण कुऱ्हाड सुटते तेव्हा हात पुढे आलेला असतो, त्यामुळे हवेतला प्रवास साधारण ३ मीटरच उरतो. हा आकडा बरोबर त्या दोन टोकांच्या मध्ये पडतो. १२ फुटांवरून एकच गिरकी का बसते, याचे उत्तर माणसाच्या हाताच्या लांबीत आहे. मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

ही बांधणी दोन गोष्टींनी बिघडते. सुटताना मनगट झटकले तर फिरण्याचा वेग वाढतो, पुढे जाण्याचा फारसा वाढत नाही. गिरकी लवकर पूर्ण होते. उलट अंग पुढे झोकून फेकले तर पुढचा वेग वाढतो आणि गिरकी अपुरी राहते. म्हणून मनगट ताठ ठेवायला शिकवतात, आणि म्हणूनच दर फेकीला पाऊल व झोक सारखाच असावा लागतो.

नेमके काय चुकले, हे फळी सांगते. दांडा खाली झुकून फळीला चिकटल्यासारखा दिसत असेल किंवा त्याचे टोक आधी आपटत असेल, तर गिरकी अपुरी आहे. अर्धे पाऊल मागे सरका. दांडा तुमच्याकडे वर उचललेला दिसत असेल, पात्याचा वरचा कोपराच रुतला असेल, तर गिरकी जास्त झाली आहे. रेषा न ओलांडता थोडे पुढे या. पुढे यायला जागा नसेल तर मनगट तपासा. हे निरीक्षण दर फेकीनंतर करायची सवय लागली की अर्धी तयारी झाली.

जोराचा परिणाम होतो तो उंचीवर. सेकंदाला १० मीटर वेगाने ३ मीटर जायला ०.३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण कुऱ्हाडीला ४४ सेंटीमीटर खाली ओढते. वेग ८ मीटर असेल तर ६९ सेंटीमीटर. फरक २५ सेंटीमीटरचा, आणि मधले वर्तुळ वीतभरही नसते. तेव्हा झेपेल तेवढाच जोर लावा, पण दहाही फेकींना तोच. दहाव्या फेकीपर्यंत टिकेल तो जोर खरा.

पाते वाकडे येत असेल तर पकड पाहा. कुठल्याही वस्तूला फिरण्याचे तीन मुख्य अक्ष असतात. प्रत्येक अक्षाभोवती फिरवायला वस्तू जेवढा विरोध करते, ते तिचे त्या अक्षाचे जडत्व. त्यांतल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी जडत्वाच्या अक्षांभोवतीचे फिरणे स्थिर असते, मधल्याभोवतीचे अस्थिर. १९८५ साली सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव्ह यांनी सॅल्यूट-७ या अंतराळ स्थानकात पंखांसारखे दोन कान असलेला एक नट (बोल्टवर फिरवून बसवतात तो) तरंगत असताना मध्येच कोलांटी घेतो हे पाहिले, ते याच कारणाने. धार लक्ष्याकडे सरळ ठेवून फेकलेली कुऱ्हाड सर्वांत जास्त जडत्वाच्या अक्षाभोवती फिरते, म्हणून सरळ येते. मुठीत दांडा वळला की दुसऱ्या अक्षांभोवतीचे फिरणे मिसळते आणि पाते डगमगते.

फळ्या पाइन किंवा पॉप्लरसारख्या मऊ लाकडाच्या, उभ्या लावलेल्या असतात. लाकडाचे तंतूही उभे आणि पातेही उभेच येते, त्यामुळे धार तंतू कापत नाही, त्यांच्यामधून शिरते. फळ्यांवर पाणी मारतात, कारण पेशींच्या भिंतींत पाणी मुरले की त्या मऊ होतात. स्पर्धेच्या जागी लवकर पोहोचून फळी कोरडी आहे की ओली, नवी आहे की मध्ये पोखरलेली, हे हाताने चाचपून घ्या. सुटा झालेला भुसा कुऱ्हाड धरून ठेवत नाही, आणि पडलेल्या कुऱ्हाडीला शून्य.

सरावाबद्दल एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी लोकांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एकाच हालचालीचा सलग सराव करणारे सरावात पुढे होते, पण दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत आलटून पालटून सराव करणारे सरस ठरले. म्हणून मधल्या वर्तुळावर शंभर फेकी सलग टाकण्यापेक्षा मध्ये मध्ये किलशॉट घ्या, डावीकडचा, मग उजवीकडचा, मग पुन्हा मध्य. सराव खडबडीत वाटेल, तो तसाच वाटला पाहिजे. नजरही त्याच सरावात बसवा. जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोचा अभ्यास केला, त्यात कुशल खेळाडूंची नजर फेकण्याआधी लक्ष्यावर जास्त वेळ स्थिर राहत असल्याचे दिसले. छाती धडधडत असताना नजरच आधी भिरभिरते. एक लांब श्वास सोडा, वर्तुळातला एक ओरखडा निवडा, त्यावर नजर टेकवा आणि मगच हात वर न्या. कुऱ्हाड आणायला मात्र दोघांच्याही फेकी होईपर्यंत पाऊल टाकायचे नाही, कारण आपटलेली कुऱ्हाड मागेही उसळते.

किलशॉट कधी मागायचा, याचा हिशेब घरीच करून जा. जाहीर करून चुकलात तर शून्य. सरावात तुमची एका फेकीची सरासरी ४ गुण असेल, तर किलशॉट दोनात एकदा बसला तरच बरोबरी होते. सरासरी ५ असेल तर १०० पैकी ६३ वेळा बसायला हवा. तोवर मध्याकडेच फेकत राहिलेले बरे. शेवटच्या फेकीला मात्र सरासरी बाजूला ठेवून गुणफलक पाहायचा. ७ गुणांनी मागे असाल तर किलशॉटशिवाय मार्ग नाही. ३ गुणांनी पुढे असाल तर मधल्या वर्तुळातली एक साधी फेक समोरच्याच्या किलशॉटलाही पुरून उरते.